सहीची जागा

संस्थेत त्याला सगळे स्वल्पविराम म्हणत, कारण त्याच्या टेबलावरून कुणाचाही मसुदा दोन-चार स्वल्पविराम इकडचे तिकडे झाल्याशिवाय सुटत नसे. वय बावन्न, पाठ धरलेली. एकोणीस वर्षं तो एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहीत आला होता: मुलांवर पहिला हक्क घराचा, मग शाळेचा. संस्थेचं कामच ते. घरंदारं टिकावीत म्हणून अहवाल छापायचे, लोकप्रतिनिधींच्या दारात चपला झिजवायच्या, सरकारी समितीपुढे बाजू मांडायची. त्याला ते मनापासून पटत होतं.

गेल्या वर्षी खटपट फळाला आली. शाळेतल्या समुपदेशकाला मुलाशी एकट्याने बोलायचं असेल, तर आई आणि वडील दोघांची लेखी संमती हवी, असा नियम निघाला. वाक्य त्याचंच, शब्दन् शब्द. संचालकांनी पाठीवर थाप मारली. त्याला आनंदापेक्षा झोपच जास्त आली.

मग ताईचा फोन आला. ताई त्याची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत मुख्याध्यापिका. या विषयावर दोघांचं कधीच जमलं नव्हतं, आणि भांडून भांडून दोघंही केव्हाच थकले होते. या वेळी ती भांडली नाही. शनिवारी सकाळी पालकांना बोलावलंय, तुझा नियम तूच समजावून सांग, माझ्याच्याने आता होत नाही, एवढंच म्हणाली.

तो गेला. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, आले चौदा जण. त्याने घसा खाकरून नियम सांगितला, कुणी फारसं काही विचारलं नाही. शेवटी मागच्या रांगेतून एक बाई उठली. बस डेपोत तिकीट खिडकीवर बसायची, गणवेशातच आली होती. भाचीला मीच सांभाळते, म्हणाली. बहीण जाऊन आठ महिने झाले, तिचा नवरा त्याच्याही आधी घर सोडून गेला, ठावठिकाणा नाही. पोरगी तेव्हापासून घरी बोलत नाही, वर्गात बोलत नाही. समुपदेशक बाई तयार आहेत, पण कागद पुरा होत नाही.

तिने छापील संमतीपत्र त्याच्यापुढे धरलं.

"यात आईची जागा आहे, वडिलांची आहे. मी कुठे सही करू?"

तो पेन काढून कागदावर वाकला आणि तसाच राहिला. समितीत त्याला एकेका शब्दावरून सोलून काढत, तेव्हा उत्तरं तोंडावर असायची. इथे त्याने त्या दोन रिकाम्या जागा पुन्हा वाचल्या. घर घर म्हणून इतकी वर्षं कागद काळे केले, आणि हे समोर उभं असलेलं घर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला थोडे दिवस द्या."

बाईने कागदाची घडी घातली. डेपोत तिची ड्यूटी सुरू व्हायची होती.

सोमवारी त्याने संचालकांकडे गोष्ट काढली. ते वाईट माणूस नव्हते. ऐकून घेतलं, चष्मा पुसला. म्हणाले, आत्ता एका शब्दासाठी नियम उघडला तर समोरचे सगळाच उसवतील. वर्षभर जाऊ दे. वर्षभरात पोरगी केवढी होईल, हे त्याने मनातच मोजलं. मग जागेवर येऊन एकपानी अर्ज लिहिला, संस्थेचं नाव न घालता, आणि समितीच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला.

बातमी दोन दिवसांत फुटली. कुणी ओरडलं नाही. फक्त त्यानंतर त्याला समितीपुढे न्यायचं बंद झालं, आणि टेबलावर दुसऱ्यांच्या अहवालांची मुद्रितं तपासायला येऊ लागली.

पाच महिन्यांनी परिपत्रक आलं. 'आई-वडील' यापुढे चार शब्द वाढले होते: 'किंवा सांभाळ करणारी व्यक्ती'. त्या संध्याकाळी ताईने फोन केला. मावशीची सही झाली होती. पोरगी दोनदा समुपदेशक बाईंकडे जाऊन बसली, अजून बोललेली नाही, पण उठूनही गेली नाही.

"नियम लिहितानाच हे शब्द घातले असतेस तर पोरीचे पाच महिने वाचले असते," ताई म्हणाली.

"हो."

"मग अजून तिथेच का आहेस?"

"बाकीचं मला अजून पटतं, ताई."

 तुझी पाठ कशी आहे, असं तिने विचारलं, आणि दुखते, असं त्याने खरं खरं सांगितलं.