आवाज काढून दाखव

"आवाज काढून दाखव," पुंडलिक म्हणाला.

चिंधू कावराबावरा झाला. बोईसर-तारापूर रस्त्यावरच्या त्या गॅरेजात दुपारच्या वेळी चार माणसं उभी होती. त्यात स्टँडवरचा रिक्षावाला सुकाही होता, आणि सुका एका गोष्टीवर आठवडाभर पुरवून पुरवून हसतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गॅरेजचा रिवाज म्हणजे रिवाज. गाडीत काय आवाज येतो ते ड्रायव्हरनं आधी तोंडानं करून दाखवायचं, मगच पुंडलिक बॉनेटला हात लावणार. चिंधूनं बाहेर जाऊन पान थुंकलं, परत आला आणि डोळे मिटून म्हणाला, "टक टक टक टक. चडाला जास्त. आनि बाऊ, गाडी गरम जाली, उबी टेवली, का ऑइलची बत्ती डोले मिचकावते."

सुका हसला. पुंडलिक हसला नाही. त्यानं चिंधूच्या ओठांकडे नीट बघून घेतलं आणि मान हलवली. टॅपेट, म्हणाला.

पुंडलिक तामोरे मूळचा जवळच्या दांडी गावचा, मच्छीमाराच्या घरातला. पण होडीत पाय ठेवला की त्याच्या पोटात ढवळायचं, म्हणून बापानं कंटाळून त्याला मुंबईत एका गॅरेजवर पाठवलं. तिथल्या उस्तादानं त्याला इंजिनाची बाराखडी शिकवली. वरून येणारा हलका आवाज टक टक, तो झडपा उघडणाऱ्या टॅपेटचा. त्याला भिण्याचं कारण नाही, अर्ध्या तासाचं काम. खालून येणारा जड आवाज ठक ठक, तो इंजिनाचा दांडा, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतो त्या बेअरिंगचा. बेअरिंग झिजलं की त्यातून तेल निसटतं, तेलाचा दाब पडतो आणि इंजिन स्वतःलाच आतून ठोकायला लागतं. ते ऐकूनही जो गाडी हाकतो त्याचं इंजिन एक दिवस फुटतं. पुंडलिकच्या जिभेवर तेव्हा ठ नव्हताच. टक आणि ठक दोन्ही तो एकच म्हणायचा. उस्तादानं कानाखाली वाजवून वाजवून तो ठ त्याच्याकडून गिरवून घेतला होता.

पुढे बोईसरला कारखाने आले, गाड्या आल्या, तसा पुंडलिकही आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, एवढंच त्याचं हत्यार. कुठल्या सिलिंडरमध्ये काय बिघडलंय ते तो इंजिन न खोलता सांगायचा आणि खोलल्यावर तसंच निघायचं. पालघरचे डॉक्टर, वकील आपल्या गाड्या तिकडची गॅरेजं सोडून इकडे आणायचे. दांडीची म्हातारी माणसं म्हणायची की यात नवल काय, हा बापाचाच कान आहे. त्याचा बाप बांबूचं टोक पाण्यात सोडून दुसरं टोक कानाला लावायचा आणि खाली घोळ माशांचा थवा डुरकतोय का ते ऐकून जाळं टाकायचा. बापाच्या होडीत ओकणाऱ्या पोरानं बापाचा कान तेवढा उचलला, याचा पुंडलिकला मनातून फार अभिमान होता.

तो कान दोन वर्षांपूर्वी गेला. आधी उजवा गेला, मग डावाही निम्मा. तीस वर्षं चालत्या इंजिनावर वाकल्यावर दुसरं काय होणार? मुंबईतल्या कानाच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र सुचवलं. पुंडलिक तिथून जो उठला तो परत गेला नाही. कानात यंत्र घातलेल्या मेकॅनिककडे आवाज ऐकायला गाडी कोण आणणार? त्याचं सगळं नाव त्या कानावर उभं होतं. घरात फक्त बायकोला, वत्सलाला, माहीत होतं, आणि तिनंही या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. बाजारात सुकी मासळी विकून आली की ती नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसायची आणि तोंड त्याच्याकडे करून बोलायची. लोकांना वाटायचं, या वयातही काय प्रेम आहे.

आवाज काढून दाखवायचा रिवाज तेव्हापासूनचा. लोकांना ती पुंडलिकची गंमत वाटायची. खरं तर तो ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून, हावभाव वाचून, इंजिनावर तळहात ठेवून काम भागवत होता. तीस वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे दहातल्या नऊ वेळा भागत होतं.

चिंधूची फियाट ही दहावी निघाली.

चिंधू मनोरपलीकडच्या पाड्यावरचा. दहा-अकरा वर्षं त्यानं कारखान्याची शिफ्टची बस चालवली आणि मग ही जुनी फियाट घेऊन बोईसर स्टेशनवर टॅक्सी लावली. त्याच्या घरी बायको लाडकी, दोन मुली आणि आई, आणि त्या सगळ्यांचं पोट या चार चाकांवर. पुंडलिकनं गाडी गरम होऊ दिली, ऑइलच्या बत्तीचा स्विच काढून तिथे आपलं दाबाचं मीटर बसवलं. काटा खाली होता. आता याची कारणं दोन. ऑइल पातळ झालं असेल, नाहीतर बेअरिंग गेलं असेल. ते ओळखायचा उपायही त्याला झोपेत येत होता. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. जिची वायर काढल्यावर ठोका दबतो, त्या सिलिंडरचं बेअरिंग गेलं. पण ठोका दबला की नाही हे ऐकणार कोण? त्यानं स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, लोकांसाठी. त्याला लांबून गिरणी चालावी तशी घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. मग चिंधू टक टक म्हणाला होता, त्यावरच त्यानं भिस्त ठेवली. टॅपेट जुळवले, जुनं ऑइल काढून दाट ऑइल भरलं. काटा वर चढला, बत्ती विझली.

"झालं. आता आवाज नाही," पुंडलिक म्हणाला.

चिंधूनं क्षणभर कान दिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मान डोलावून गाडीत बसला.

तिसऱ्या दिवशी वाघोबा खिंडीच्या चढावर ती फियाट फुटली. गाडीत मनोरला निघालेलं एक कुटुंब होतं, त्यातल्या कुणाला खरचटलंही नाही, एवढं नशीब. कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाच्या भिंतीला भोक पाडून बाहेर आला. सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं. एका ट्रकला दोरानं बांधून चिंधूनं गाडी बोईसरपर्यंत ओढत आणली. गॅरेजसमोर उतरला तेव्हा त्याचे कपडे तेलानं माखले होते आणि चेहरा पार उतरला होता.

"बाऊ, माजी चूक जाली," आल्या आल्या तो म्हणाला. "तुमी एवडी चांगली करून दिली, आनि मी चडाला दाबली असंल."

पुंडलिक गाडीखाली गेला आणि ऑइलचं खालचं चेंबर सोडलं. तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग झिजून पत्र्यासारखं झालं होतं. हे तीन दिवसांचं काम नव्हतं. महिनाभर तरी ते ठोकत असणार, त्या दुपारी गाडी इथे उभी असतानाही ठोकत असणार. आणि आपण त्यावर दाट ऑइल ओतून त्याचं तोंड बंद केलं.  तो बाहेर आला, हात पुसत राहिला. बराच वेळ पुसत राहिला.

"तो आवाज परत काढ," तो म्हणाला.

"टक टक," चिंधू म्हणाला.

पुंडलिक त्याच्या अगदी जवळ जाऊन डावा कान पुढे करून उभा राहिला. "ठाणा म्हण."

"टाना."

"ठोका म्हण."

"टोका."

बाजूला उभा असलेला सुका खो खो हसला. "बाऊ, याच्या तोंडात ठ नायच ना! यानं टक सांगितलं, तुमी टक दुरुस्त केलं. यात तुमची काय चूक? चूक याच्या जिबेची." बाकीच्यांनीही माना हलवल्या. चिंधू ओशाळून हसला आणि त्यानंही मान हलवली. सुकाच्या स्वतःच्या जिभेवर तरी सगळी अक्षरं कुठे धड होती, पण आपलं व्यंग कुणाला ऐकू येतं?

सुटायची वाट आयतीच समोर उघडली होती. पुंडलिकला ती दिसली आणि, खोटं कशाला सांगा, ती हवीशीही वाटली. नाव राहिलं असतं, गाड्या येत राहिल्या असत्या. सगळे खापर ज्याच्यावर फोडत होते तो स्वतःच ते डोक्यावर घ्यायला तयार होता. आणि पुंडलिकला आठवलं की हा ठ आपल्या तोंडातही नव्हता. आपल्याला तो शिकवायला उस्ताद भेटला, याला कुणी भेटला नाही, एवढाच फरक.

"त्या दिवशी इथून निघालास," त्यानं विचारलं, "तेव्हा गाडीत आवाज होता?"

चिंधूनं खाली बघितलं. "होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी म्हनाले, आवाज नाय. मग मी म्हनलो, माजाच कान खोटा."

पुंडलिक लाकडी बाकावर बसला. या माणसाचा कान शाबूत होता. तो खरं ऐकत होता. आणि आपलं नाव एवढं मोठं की त्यानं स्वतःच्या धडधाकट कानापेक्षा आपल्या बहिऱ्या कानावर विश्वास ठेवला. पुंडलिकला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, उस्तादाच्या थपडा खातानाही नाही.

"चूक जिभेची नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मला ऐकू येत नाही, चिंधू. दोन वर्षं झाली. गाडीचा आवाज मी ऐकायचा होता, तुझ्या तोंडून नाही."

 सुकासुद्धा हसायचा थांबला. चिंधूला काय करावं सुचेना, तो आत गेला आणि माठातलं पाणी आणून पुंडलिकच्या हातात दिलं.

घरी गेल्यावर त्यानं वत्सलाला सांगितलं. तिनं हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बरा जाला. दोन वर्सं तुमची चोरी संबालून मी दमलू." आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती त्याच्या उजव्या बाजूला बसली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

बातमीला पाय फुटायला वेळ लागला नाही. पालघरच्या गाड्या आठवड्याभरात बंद झाल्या. डॉक्टरांची अँबॅसिडर गॅरेजसमोरून पुढे गेली, फक्त जाताना हळू झाली. जे आले ते ओरडून बोलायला लागले, पंक्चर काढायचं असलं तरी ओरडून. पुंडलिकला त्याचा त्रास व्हायचा, पण तो कुणाला काही म्हणाला नाही. त्याच्याकडे चिंधूची गाडी होती आणि दुसरं फारसं काम नव्हतं. भंगारातून त्यानं इंजिनाचा दुसरा ब्लॉक शोधला, औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये क्रँक घासून आणला, नवी बेअरिंगं घातली. मजुरीचा विषय चिंधूला काढू दिला नाही. चिंधू रोज येऊन शेजारी उकिडवा बसायचा, मागेल ते हातात द्यायचा. 

अकराव्या दिवशी सकाळी इंजिन चालू झालं. चार माणसं जमली होती, ती जमणारच होती. पुंडलिकनं मीटर बघितलं, काटा जिथे पाहिजे तिथे उभा होता. गाडी गरम झाल्यावरही तो पडला नाही. बत्ती विझलेलीच राहिली, धूर स्वच्छ होता. इंजिनावर तळहात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. हाताला सगळं सुरळीत लागत होतं. खूप दिवसांनी त्याचा चेहरा जरा सैल झाला.

"एकदम मस्त," सुका त्याच्या कानाशी ओरडला. "नवी कोरी वाटते, बाऊ."

पुंडलिकनं सुकाकडे बघितलं नाही. त्यानं चिंधूकडे बघितलं. चिंधू इंजिनावर वाकला होता आणि वर बघत नव्हता. अकरा दिवस या माणसानं आपल्यासाठी हाडं झिजवली, चारचौघांत स्वतःची पत घालवली, आणि आज पहिल्यांदा त्याच्या तोंडावर समाधान दिसतंय, हे काय चिंधूला कळत नव्हतं? त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. मग काहीतरी पुटपुटला. ते पुंडलिकला ऐकू गेलं नाही, पण सुकाला गेलं असावं, कारण सुकानं गप्प राहा म्हणून चिंधूला कोपरानं ढोसलं.

चिंधू गाडीला वळसा घालून आला. पुंडलिकच्या डाव्या बाजूला उभा राहिला.

"बाऊ," तो मोठ्यानं म्हणाला, "आवाज हाय."

पुंडलिकनं पुन्हा एकदा मीटरकडे बघितलं. काटा जागेवर होता. त्यानं पुन्हा इंजिनावर हात ठेवला. हाताला काही लागलं नाही. अर्ध्या तासाचं काम असेल, नाहीतर पुन्हा अकरा दिवसांचं.

"वर की खाली?"

चिंधू वाकला आणि त्यानं बोटानं खाली दाखवलं.

पुंडलिकनं हात पुढे करून चावी बंद केली. कोपऱ्यातलं गोणपाट ओढून आणलं, जमिनीवर अंथरलं आणि उताणा होऊन गाडीखाली सरकला.