सोफ्यासमोरची भिंत

महिनाभर आमचे बाबा रोज संध्याकाळी टीव्हीसमोर गुडघे टेकून प्रार्थना करत होते आणि मी त्यांना ते करू दिलं. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

मी लोकांच्या भिंतींवर टीव्ही बसवतो. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे टीव्ही टांगल्यावर एकदाचा स्वतःचा घेतला, तोही चांगला पासष्ट इंची. आता धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, कुठल्याही खोलीत टीव्हीला एकच भिंत योग्य असते. सोफ्यासमोरची, खिडकीचा उजेड न पडणारी. आमच्याकडे त्या भिंतीवर क्रूस होता. तो मी काढला आणि दाराच्या मागे, छत्र्यांच्या वरच्या खिळ्याला लावला. "तात्पुरता," असं बायकोला म्हणालो.

बाबांची नजर गेल्या वर्षी गेली. आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करायची त्यांची तीस वर्षांची सवय. पहिल्या संध्याकाळी ते पडद्यासमोर टेकले तेव्हा मी घाईघाईने टीव्ही बंद केला.

"अहो, सांगा त्यांना," बायको कुजबुजली.

"उद्या सांगतो."

उद्याचा परवा झाला. खरं सांगू? सांगितलं तर भिंत रिकामी करावी लागेल, याचीच मला धास्ती होती. सकाळी बायबल उघडायच्या आधी मी मऊ फडक्याने पडदा पुसायचो. शेजारच्या मावशींनी त्यावर बोट टेकवलं म्हणून दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. मॅच होती म्हणून दोन रविवार उपासनेला दांडी मारली.

मग तो शनिवार आला. हा टीव्ही आवाजावरही चालतो. हाक कुठली द्यायची ते आपण ठरवायचं. दुपारी मी ते सुरू केलं आणि 'ऐक ना' ठेवलं. बाबा मला आणि मी बायकोला तशीच हाक मारतो, त्यामुळे दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेचा गट जमला. मावशी, आमच्या चर्चचे पाळकसाहेब, आणखी चार जण. बाबा नेहमीच्या जागी टेकले, सगळ्यांनी डोळे मिटले. देवाशी बाबा घरच्या माणसासारखं बोलतात.

"प्रभू, ऐक ना…"

टुंग. पडदा उजळला आणि एका बाईचा गोड आवाज आला, "बोला, मी ऐकतेय."

मावशी घाईघाईने "आमेन" म्हणाल्या. पाळकसाहेबांनी एकच डोळा उघडला.

"बाई, तुझ्याशी नाही बोलत मी," बाबा शांतपणे म्हणाले.

सगळे खो खो हसत सुटले. मला मात्र हसता येईना. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी बाबांच्या शेजारी जाऊन टेकलो.

"बाबा, क्रूस इथे नाहीये. महिना झाला. मी दाराच्या मागे लावलाय. इथे टीव्ही आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. तू बंद केलास तरी चेहऱ्याला ऊब लागते. क्रूस कधी तापलेला ऐकलायस?"

"मग इथेच का टेकत होतात?"

"देव काय भिंतीत असतो? मला कुठेही तोंड केलं तरी चालतं. मागत होतो तुझ्यासाठी, म्हणून म्हटलं, हा जिथे टक लावून बसतो तिथेच टेकावं."

"टीव्ही बिघडू दे, असं तर नाही ना मागितलंत?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या घडीलाही मला काळजी त्याचीच होती.

"छे. या पोराने आपल्या तोंडाने मला खरं सांगावं, एवढंच मागितलं." बाबांनी चाचपडत माझा कान शोधला आणि हलकेच पिळला. "ते मिळालं. चला, आता पुढचं मागू या."

"जरा थांबा, बाबा," मी म्हणालो आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो. "पाळकसाहेब, दुसरी बाजू धरता का? जड आहे हा."