दोन दिवसांचं पाणी

तुम्ही पाणी मोजलंच नाही, सरकार. तुम्ही भुजंगरावाचा पाहुणचार मोजला, आणि कागदावर ठोकून दिलं: पाणी मुबलक, आणखी वीस विहिरींना हरकत नाही!

वडीगोद्रीच्या अलीकडलं गाव. साल अठ्ठ्याहत्तर, एप्रिल महिना. विहिरींच्या पाण्याची मोजणी करणारी सरकारी जीप येणार म्हटलं की सरपंच भुजंगराव शिवारातल्या विहिरींवरच्या अकराच्या अकरा मोटारी दोन दिवस बंद ठेवायला लावायचा. पाहुण्यासाठी घर सारवावं तशी साहेबासाठी विहीर भरून ठेवायची. पाणी वर दिसलं की नव्या विहिरी मंजूर.

भुजंगरावाच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर बौद्धवाड्याचा आड. त्याच्या तळाचा खडक होळीपासून उघडा. केशरबाई रोज पहाटे आत उतरायची, वाटीनं पाणी खरवडून वर द्यायची. त्या सोमवारी तिनं खाली पाय टाकला तर घोटाभर पाणी. मंगळवारी गुडघाभर.

"जयंतीसाठी बाबासाहेबांनीच धाडलं म्हणावं का काय!" वरून घागर घेत चांगुणाबाई म्हणाली.

केशरबाई हसली नाही. ती कान देऊन उभी होती. शिवारात एकाही मोटारीची घरघर नव्हती.

दुपारी जीप आली. साहेबानं भुजंगरावाच्या विहिरीत फीत सोडली, आकडा लिहिला, चहा घेतला.

"वीस विहिरींचं तेवढं बघा," भुजंगराव म्हणाला.

केशरबाई पुढं झाली. "साहेब, आमचा आड बी मोजा."

"यादीत नाही, बाई."

"मंग इथंच बसा. मोटारी चालू करायला लावा, आन् उद्या परत फीत सोडा."

"केशरे, साहेबाला पाणी शिकवून राह्यली का?" भुजंगराव खेकसला. "जाय, उतर तुझ्या आडात."

"मी रोजच उतरते, सरपंच. तुमी एकदा उतरून बघा. पोट अडकंल बिलकुल!"

जमलेली माणसं फिस्सकन हसली. साहेबानं घड्याळ बघितलं. पुढची मोजणी एकदम पावसाळ्यानंतर. तो जीपमध्ये चढला. केशरबाई चाकापुढं जाऊन उभी राहिली. लुगड्यावर गुडघ्यापर्यंत आडातला गाळ वाळला होता.

"पाऊस न्हाई, टँकर न्हाई. मोटारी दोन दिवस बंद राह्यल्या, आन् आमच्या आडात गुडघाभर पाणी आलं. अकरा मोटारींत ही गत, मंग वीस विहिरी झाल्यावर मी खाली काय खरवडू, दगड? ते दोन दिवसांचं पाणी कुणाचं व्हतं, साहेब? वहीत लिहू नका. तोंडानं सांगा."