उजवा हात, खांद्याच्या रेषेत

गिरणीचा संप चिघळला तसा मी बोरीवलीत सायकलवर पाव-अंडी विकायला लागलो. तीन वर्षांत एकदाही पडलो नव्हतो. मला पाडलं विद्याधर करंदीकरानं.

हा बँकेत साहेब. नवी स्कूटर, मागं बायको, कुंदावहिनी. मला मागं टाकून पुढं आला आणि हात नाही, हॉर्न नाही, सटकन डावीकडे वळला. मी गटारात, माझ्यावर सायकल, सायकलवर ऑम्लेट. साहेब थांबला. स्कूटरला ओरखडा पडला का ते बघितलं आणि ओरडला, "ए पाववाल्या, आधी रस्त्याचे नियम शीक!"

अंड्यांचं जाऊ दे. पण हे तो अख्ख्या गल्लीसमोर बोलला. समोरची शांताबाई तर पदर तोंडात घालून हसली. तेव्हाच ठरवलं, याच गल्लीत, याच लोकांदेखत हा 'माझं चुकलं' म्हणणार. त्याशिवाय धाकू सोडणार नाही.

नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार दशरथ आमच्या गावचा. त्याला म्हटलं, नियम शिकव.

"तुका काय झालाहा रे धाकू? नियम इचारणारो सायकलवालो मी पयलोच बघतंय!"

पण शिकवलं त्यानं. घंटी, ब्रेक, मागं लाल काच. पायी चालणाऱ्याला आधी वाट. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खांद्याच्या रेषेत, सरळ, पंजा ताठ.

झालं. रोज पावणेनऊला साहेबाची स्कूटर बाहेर पडली की मी पुढं. गल्ली एवढीशी, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला भाजीच्या गाड्या आणि माझ्या सायकलला दोन्हीकडे पावाची पोती. स्कूटर जाणार कुठून?

"बाजूला हो रे! मस्टरवर लाल रेघ पडेल माझ्या!"

"साहेब, माणसं चाललीत. त्यांना आधी."

कोणी रस्ता ओलांडायला आलं की मी घंटी वाजवून थांबायचो, पाय टेकायचो, "या मावशी, सावकाश" म्हणायचो. गल्लीला मजा यायला लागली. लोक उगाच रस्ता ओलांडायचे. शांताबाई एकदा तिकडं गेली, परत आली, मग म्हणाली, "अगोबाई, कोथिंबीर राहिली!" आणि पुन्हा गेली. मागं साहेबाचा हॉर्न नुसता रडत होता.

नवव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. गल्लीच्या टोकाला मला उजवीकडे वळायचं होतं. नियमाप्रमाणे मी मागं बघितलं, तो बराच लांब होता. हात काढला. खांद्याच्या रेषेत, पंजा ताठ. तेवढ्यात यानं स्कूटर पिळली आणि उजवीकडून मान पुढं काढून घुसला.

फाट्!

चष्मा उडाला तो मालन कोळणीच्या बोंबलांत. स्कूटर भोपळ्यांच्या ढिगात आडवी. मागं बसलेल्या कुंदावहिनी मात्र कधीच उतरून उभ्या.

"मारलं! यानं मला मारलं!"

दशरथ धावत आला. "धाकू, कसो हात काढलंस? दाखव."

मी दाखवला.

"पास! आणि साहेब, वळणावर पुढं घुसत होतात तुम्ही? नियम काय सांगतो?"

"मी केव्हाची ओरडत होते, घुसू नका म्हणून," कुंदावहिनी म्हणाल्या. बायकोनं साक्ष दिल्यावर माणूस काय बोलणार! एका गालावर माझी पाची बोटं, दुसऱ्याला भोपळ्यांची माती. पुटपुटला, "चुकलं."

"साहेब, घंटीच्या आवाजात ऐकू नाही आलं."

"घंटी कुठं वाजतेय?"

मी वाजवली. गल्ली खिदळली. मालन म्हणाली, "बोल रं बाबा, नायतर चष्मा नाय द्यायची."

"माझं चुकलं!" एवढ्या जोरात, की वरच्या मजल्यावरची पोरंसुद्धा गॅलरीत आली.

पोटात कसं गार वाटलं म्हणून सांगू! सायकल वळवली आणि निघालो. साहेब स्कूटर उचलून, हँडल वाकडं धरून मागनं येत होता. बिचारा एक हॉर्न वाजवेल तर शपथ. आता सोडावं त्याला, असं मनात आलंही. पण पुढं एक मांजर रस्त्याच्या कडेला उभं होतं. ओलांडायचं की नाही, त्याचा विचार चालला होता.

मी पाय टेकला. म्हटलं, चालू दे तुझा विचार, राजा. सावकाश.