जागच्या जागी जळणारं पेट्रोल

जगन्नाथ साठे कुवेत सिटीतल्या एका कंपनीत ऑडिटर होता. दुसऱ्यांच्या जमाखर्चातली खोट काढता काढता त्याला घरातही खोट दिसू लागली होती. पण या वेळी ती खरंच होती. गाडीचे किलोमीटर जिथल्या तिथे आणि पेट्रोलचा काटा रोज खाली.

संध्याकाळ झाली की त्याची बायको शामला आणि अकरावीतली लेक सुखदा गाडीची किल्ली घेऊन लांबच्या सहकारी बाजारात, म्हणजे ‘जमियात’, भाजी आणायला उतरायच्या आणि यायच्या त्या इमारतीखालच्या बकाला दुकानातून खुब्जच्या रोट्या घेऊन.

“आज जमियात गर्दी होती का गं?”

“नॉर्मल,” म्हणून सुखदा खोलीचं दार लावून घ्यायची.

पाणी कुठेतरी मुरत होतं. पोरगी कुणाला तरी भेटते आणि आई तिला पाठीशी घालते, याची जगन्नाथला खात्रीच पटली. मराठी मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणाऱ्या अभिजीतवर त्याने संशय ठेवूनही टाकला. त्या बिचाऱ्याला याचा पत्ता नव्हता.

गुरुवारी तो त्यांच्या मागोमाग उतरला आणि पार्किंगमधल्या खांबाआड घामाघूम होत उभा राहिला. गाडी सुरू होती, एसी चालू होता, पण चाक हललं नव्हतं. आत दोघीच होत्या. सुखदा काहीतरी बोलू लागली की शामला कपाळाला आठ्या घालून, बोट नाचवून तिला मधेच तोडायची. पोरगी हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. घरात ती महिनाभरात एवढं बोलली नसेल. जगन्नाथला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

तो सरळ जाऊन मागच्या सीटवर बसला.

“हे काय चाललंय?”

“सांग आता,” शामला लेकीला म्हणाली.

सुखदा समोरच्या काचेकडे बघत राहिली. मग नेहमीचं इंग्रजी सोडून मराठीत बोलली. “मला अकाउंट्स सोडायचंय, बाबा. ते तुम्हाला कसं सांगायचं, त्याची प्रॅक्टिस करतोय. त्यात आई ‘बाबा’ बनते.”

जगन्नाथचं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं. ते त्याने कसंबसं गिळलं.

“मग? काय म्हणतात बाबा?”

“माहीत नाही,” सुखदा म्हणाली. “अजून एकदाही त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलेलं नाही.”