भुईवर उतरलेली हवेची गादी

मी एक जुनी हवेची गादी आहे. मित्रांनो, तुमची-माझी ओळख नसेल तर ते बरंच आहे. मी ज्या घरात जाते तिथं कोणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं. लग्नकार्याला मला कोणी बोलावत नाही.

मूळचा माझा रंग निळा, पण धुऊन धुऊन तो विटलाय. माझ्या अंगात अठरा आडव्या नळ्या आहेत. शेजारी विजेवर चालणारा एक छोटा पंप असतो, तो दिवसभर गुणगुणतो. तो आधी एक आड एक नळ्यांत हवा भरतो, थोड्या वेळानं ती सोडतो आणि मधल्या नळ्या भरतो. त्यामुळे माझ्यावर झोपलेल्या माणसाचा भार एकाच जागी पडून राहत नाही. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याची कातडी सोलवटते आणि तिथं जखमा होतात. त्या होऊ न देणं हे माझं काम. ते मी नीट करते आणि त्याचा मला गर्वही आहे, खोटं कशाला बोलू?

कारखान्यातून निघाल्यावर मला छत्रपती संभाजीनगरातल्या सिडकोतल्या एका कुटुंबानं त्यांच्या आजोबांसाठी घेतलं. आजोबा चार महिने माझ्यावर होते. ते गेले त्याच दिवशी मला गुंडाळून गॅलरीत कूलरमागे टाकलं. घरी कामाला येणारी बाई म्हणाली, माझी आई पडून आहे, तिला द्या. मालकीणबाई म्हणाल्या, "नको गं, त्यावर माणूस गेलंय." त्या आईचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. मी मात्र दीड वर्ष धूळ खात पडून होते. ही गोष्ट मला अजून बोचते.

शेवटी त्या घरातल्या नातीनं मला रिक्षात घालून शहराच्या कडेच्या एका शुश्रूषा केंद्रात नेलं. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांना हे केंद्र सांभाळतं. तिथं आठच खाटा आहेत. बाकीची माणसं आपापल्या घरी असतात आणि केंद्राची जीप त्यांच्या दारात जाते. जीपमध्ये स्वरदाताई नावाच्या नर्स असतात. त्या दुखणं थांबवणारं औषध देतात, जखमा धुतात, कूस कशी वळवायची ते घरच्यांना शिकवतात. मग चहा घेताना घरातल्या दमलेल्या बाईला विचारतात, "तुम्ही काल कधी जेवलात?" बहुतेक वेळा तिला ते आठवत नाही.

किती घरं झाली म्हणून सांगू! सिल्लोडला एका मांजरीनं मला नख्या मारल्या, तेव्हा सायकलच्या दुकानातल्या चाचांनी ट्यूबचं ठिगळ लावून दिलं. ते अजून टिकून आहे. काही घरांनी माझं कौतुक केलं, काहींनी माझ्याकडं तोंड वाकडं करून पाहिलं. पण मला सांगायचंय ते देवगाव रंगारीच्या लक्ष्मीबाईंबद्दल. ते सांगताना मला अजून चैन पडत नाही.

लक्ष्मीबाई अडुसष्ट वर्षांच्या. कॅन्सर त्यांच्या मणक्यात उतरला होता आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. मुलगा सुदर्शन वाळूजला कंपनीत कामाला, तो रविवारी यायचा. घरी सून संध्या एकटीच. लक्ष्मीबाईंची जीभ मात्र धडधाकट होती. पहिल्याच दिवशी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "संध्ये, ही बया सारखी पोट फुगवती नि सोडती. हिला अजीर्ण झालं का काय?"

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

गावात लाइट गेली की पंप बंद पडे आणि माझी हवा उतरू लागे. समोर बद्रीनाथची पिठाची गिरणी होती. त्यानं कोणी न सांगता आपल्या इन्व्हर्टरची वायर गल्लीवरून ओढून माझ्या पंपापर्यंत आणली. "गिरणीत अंधार ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या, काकूला गादी लागती," म्हणाला. अडीच महिने असे गेले. लक्ष्मीबाईंच्या अंगावर एक ओरखडाही उठला नाही. स्वरदाताई दर गुरुवारी पाठ तपासायच्या आणि मला थोपटायच्या.

मग एका सोमवारी दुपारी अजिंठ्याहून तात्यासाहेब आले. ते लक्ष्मीबाईंचे थोरले दीर, वय ऐंशीच्या पुढं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. भाऊ गेल्यावर सुदर्शनचं शिक्षण त्यांनीच केलं. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. आणि लक्ष्मीबाईंच्या पिढीत थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, पण त्या तात्यासाहेबांसमोर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. ते आले की पदर ओढायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच त्यांना माहीत.

तात्यासाहेब उशाशी बसले. "लक्ष्मी, वळखलं का? तात्या आलोय."

लक्ष्मीबाईंनी डोळे मिटून घेतले. बोटांनी पदर शोधू लागल्या, पण हातात ताकद नव्हती. बोटं नुसतीच पांघरुणावर फिरत राहिली.

"काय इच्छा हाय का? बोल."

उत्तर नाही. त्यांनी तीनदा विचारलं. एवढ्या दुखण्यात कोण रीतभात पाळत बसेल, असं त्यांना वाटलं असावं. ते उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "वाचा गेली. हात पांघरूण चाचपडाय लागले. येळ झाली, खाली घ्या."

"तात्या, सकाळीच बोलल्या त्या," संध्या घाईनं म्हणाली. "चहात साखर कमी हाय म्हणल्या."

"इझायच्या आधी दिवा मोठा व्हतो, पोरी. जीव असा वाऱ्यावर जाऊ द्यायचा नाय. हवेच्या पिशवीवर मेलेल्या माणसाला गती नाय भेटत."

हवेची पिशवी! मला एवढं लागलं की काय सांगू. पण माझ्यापेक्षा संध्याला जास्त लागलं. तात्यासाहेब सासऱ्याच्या ठिकाणी होते, त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा तोंड उघडायचा तिला धीर झाला नाही. सुदर्शनला फोन गेला, तो संध्याकाळपर्यंत आला आणि आईकडं बघून रडत बसला. तात्या म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं त्यालाही वाटलं. फरशीवर शेणाचा हात फिरवला, वर एक घोंगडी टाकली आणि चौघांनी लक्ष्मीबाईंना उचलून खाली ठेवलं. त्या उचलण्यानंच त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी विसरू शकत नाही. मला गुंडाळून पडवीत उभं केलं.

पडवीतून मला सगळं ऐकू येत होतं. पाहुणे आले, घर भरलं. "आता औषध कशाला? गंगाजल द्या," असं कोणीतरी म्हणालं आणि दुखण्याचं औषधही थांबलं. लक्ष्मीबाई दात आवळून कण्हत होत्या. संध्यानं कानाशी लागून विचारायचा प्रयत्न केला, पण तात्यासाहेब उशाजवळून हलतच नव्हते. भावजयीला एकटं सोडायचं नाही म्हणून जेवायलासुद्धा तिथंच बसायचे. ते मायेनं बसले होते आणि ते बसले होते म्हणूनच लक्ष्मीबाईंचं तोंड बंद होतं. मला आत जाऊन ओरडावंसं वाटत होतं. पण माझ्या अंगात तर हवासुद्धा नव्हती.

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी तात्यासाहेब उशाशीच पाठ फिरवून बसले आणि संध्यानं लक्ष्मीबाईंना पुसायला कुशीवर घेतलं, तेव्हा माकडहाडावरची कातडी गेलेली दिसली. जी मी अडीच महिने जपली होती, ती दोन दिवसांत गेली. संध्या पडवीत आली. दवाखान्याच्या बायांना आता बोलवायचं नाही, असं सगळ्यांनी तिला बजावलं होतं. तिनं माझ्याआड उभं राहून स्वरदाताईंना फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, त्या जित्त्या हायेत हो. समदे नुसते वाट बघत बसलेत."

दुपारी जीप आली. स्वरदाताईंनी येताच सगळ्यांना फैलावर घ्यावं, असं मला वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. तात्यासाहेबांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "जखम धुवायची आहे, बायकांचं काम आहे. तुम्ही सगळ्या पुरुषांना दहा मिनिटं बाहेर बसवाल का?"

पुरुष पडवीत आले. तात्यासाहेब माझ्यावर हात टेकून उभे राहिले. दार लागलं. मग आतून चिरका पण स्पष्ट आवाज आला.

"गेले का समदे भाईर? संध्ये, मला आधी गादीवर टाक गं. हाडं मोडाया लागलीत माझी."



"काकू, मग तात्यासाहेबांना सांगितलं का नाही?" स्वरदाताईंचा आवाज आला.

"थोरल्या दिरासमोर कसं बोलावं, बाई? पन्नास वर्सं नाय बोलले, आता मरताना रीत मोडू व्हय?"

तात्यासाहेबांनी माझ्यावरचा हात काढून सुदर्शनचा दंड धरला. "बोलती ती," ते सुदर्शनला म्हणाले. "आरं, बोलती ती."

आत स्वरदाताईंनी लक्ष्मीबाईंना जे विचारलं, ते दोन दिवसांत त्या भरल्या घरात कोणीही नीट विचारलं नव्हतं. तुम्हाला काय हवंय? शेवट कसा हवाय?

मला वाटलं होतं, लक्ष्मीबाई माझीच बाजू घेतील. पण त्या म्हणाल्या, "मराय लागले की मला भुईवरच घ्या. मलाबी वाऱ्यावर नाय जायचं. पण तवर तं मला मारू नका."

"तसंच करू, काकू," स्वरदाताई म्हणाल्या. त्यांनी या मागणीला हसण्यावारी नेलं नाही. दार उघडून त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. मला खाटेवर न टाकता, खाली सारवलेल्या जागेवरच अंथरायला सांगितलं. मला उलगडलं ते तात्यासाहेबांनी. त्यांना खाली वाकवत नव्हतं, तरी माझी एकेक सुरकुती ते हातानं सरळ करत होते. पंप सुरू झाला. मी भरले आणि लक्ष्मीबाई माझ्यावर आल्या. दुखण्याचं औषध पोटात गेल्यावर त्यांचा कपाळावरचा पीळ सुटला.

मग ताईंनी संध्याला माझ्या उशाकडच्या झडपा दाखवल्या. "पाय गार पडतील, श्वास थांबून थांबून येईल, तेव्हा यांना उचलायचं नाही. या झडपा उघडायच्या. हवा जाईल आणि काकू आपोआप भुईला लागतील. खाली नुसती चटईएवढी जाडी राहील."

"चटईवर काय, चालतंय," तात्यासाहेब हळूच म्हणाले.

लक्ष्मीबाई पुढं एकोणीस दिवस जगल्या. तात्यासाहेब तिथंच राहिले, पण पडवीत बसायचे, म्हणजे आत भावजयीला मोकळं बोलता यावं. लक्ष्मीबाई बोलल्याही पुष्कळ. संध्याला रागावल्या, शिरा मागून खाल्ला, सुदर्शनला जवळ बसवून घेतलं. बद्रीनाथच्या घरच्या बाया आळीपाळीनं येऊन बसत, म्हणजे संध्याला तासभर डोळा लागे. सगळं होतं. पण मित्रांनो, ती जखम भरली नाही. ताई दिवसाआड येऊन धूत होत्या, मी माझ्याकडून जेवढं करता येईल तेवढं केलं, तरी नाही भरली. ती धुताना लक्ष्मीबाईंनी तोंडात धरलेला पदराचा बोळा मी दर वेळी पाहत होते. दोन दिवसांची चूक एकोणीस दिवस पुरली.

विसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास संध्यानं सासूच्या पायांना हात लावला, ते गार पडले होते. मग तिनं ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, "मी निघतेय, पण माझी वाट बघू नका. तुम्हाला जमतंय." सुदर्शन हल्ली रोज घरी येई, रात्रपाळी करून नुकताच आला होता, तो आईचा हात धरून बसला. संध्यानं झडपेवर बोटं ठेवली, पण ती फिरवेना. तिनं दाराकडं पाहून हाक मारली, "तात्या."

तात्यासाहेब उंबऱ्यापाशी आले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच त्यांनी विचारलं, "लक्ष्मी, उतरवायचं का खाली?"

मला वाटलं, आता पुन्हा ते डोळे मिटणार. लक्ष्मीबाईंचा श्वास एकदा थांबला, पुन्हा आला. त्यांनी मान थोडी दाराकडं वळवली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा थोरल्या दिराला उत्तर दिलं.

"व्हय."

संध्यानं झडपा फिरवल्या. मित्रांनो, मी हवा धरून ठेवायला जन्मले आहे. पण त्या सकाळी मी ती इतकी जपून सोडली की त्यांच्या अंगाला एक हिसका बसला नाही. पाठ टेकली, कंबर टेकली, शेवटी टाचा टेकल्या. अर्ध्या तासानं त्या गेल्या. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी यायला हवं होतं.

कोणीतरी म्हणालं, ही गादी उकिरड्यावर टाका. तात्यासाहेबांनी टाकू दिली नाही. चौदाव्यानंतर ते स्वतः मला धुऊन, सावलीत वाळवून, एसटीनं केंद्रात घेऊन आले. स्वरदाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले.

"बाई, ती जखम माझ्यामुळं झाली," ते म्हणाले.  नाही झाली, असं खोटं ताई म्हणाल्या नाहीत. तात्यासाहेबांनी माझी गुंडाळी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "माझी येळ आली का मलाबी इचारा. मी गप ऱ्हायलो तर समद्यांना भाईर काढा, अन् मग इचारा."

ताईंनी त्यांचं नाव आणि अजिंठ्याचा पत्ता वहीत लिहून घेतला.

मित्रांनो, मी आता केंद्राच्या फळीवर आहे आणि गुरुवारच्या जीपची वाट बघते. मला सुई-टाचणीपासून जपा, काम झालं की दुसऱ्या घरी पोचवा, एवढं तर तुम्ही कराल. पण मागणं त्याहून मोठं आहे. तुमच्या घरातलं कोणी कधी असं निजून असेल आणि सगळी मोठी माणसं त्याच्याबद्दल बोलत असतील, तर तुम्ही त्याच्या कानाशी जा आणि तुला काय हवंय ते विचारा. बोललं नाही, तर खोली रिकामी करा आणि पुन्हा विचारा. दोन दिवस लावू नका.