अस्वलाच्या अंगावरचा वारा

कल्पना करा, तुमच्यासमोर टेबलावर वीतभर उंचीचं लोकरीचं अस्वल आहे. त्याचा पंजा केसभर हलवा, हात मागे घ्या, फोटो काढा. पुन्हा केसभर हलवा, पुन्हा फोटो. असे चोवीस फोटो भराभर दाखवले की पडद्यावर अस्वल चालतं. किती वेळ? एक सेकंद.

आपल्या गोष्टीतल्या आजीनं तरुणपणी असं अस्वल आठ मिनिटं चालवलं होतं. त्याला पुरं वर्ष लागलं. आता ती जुनी फिल्म संगणकावर स्वच्छ केली होती आणि आजीनं हो म्हटलं की पुन्हा थिएटरात लागणार होती. म्हणून सात वर्षांच्या नातीला घेऊन आजी स्टुडिओत आली होती.

"ओरखडे, डाग सगळं काढलं बघा," संगणकावर बसलेला तरुण म्हणाला. पडद्यावर अस्वल टेकडी चढू लागलं. अगदी गुळगुळीत.

जुनी फिल्म घरी कितीदा तरी पाहिलेली नात पुढे सरकली. "आजी, याच्या अंगावरचा वारा कुठे गेला?"

"वारा नव्हता गं तो," तरुण हसला. "आजींची बोटं लागून लोकर विस्कटायची. ती चूक काढायला मला चार दिवस लागले."

"आणि मला घालायला वर्ष लागलं," आजी म्हणाली. "पहिल्या दिवशी चूकच होती, बाळा. दिग्दर्शकांनी चांगलंच झापलं. मग म्हटलं, बोटं लागणारच आहेत, तर एकाच दिशेनं लागू देत. रोज डावीकडून उजवीकडे. तू मूळ फिल्ममधली गुहा बघ."

तरुणानं मूळ फिल्म लावली. टेकडीच्या माथ्यावर लोकर भन्नाट उडत होती. अस्वल गुहेत शिरलं आणि एक केससुद्धा हलला नाही.

"गुहेत कुठला आलाय वारा?" आजी म्हणाली. "तिथं मी बोट न लावता सुईनं हलवायचे त्याला."

तरुणानं खुर्ची मागे घेतली. गुहेचा तुकडा त्यानं पुन्हा लावला, मग आणखी एकदा. "आजी, माझे चार दिवस पाण्यात गेले," तो म्हणाला आणि अस्वलाची लोकर होती तशी परत ठेवली.

"आता लावा थिएटरात," आजी म्हणाली आणि ताठ मानेनं उठली.

घरी आल्यावर नातीनं चार पुस्तकं रचून त्यांना मोबाइल टेकवला. आपला लोकरीचा ससा समोर ठेवला. उठून खिडकी घट्ट लावून घेतली. मग सशाच्या पाठीवरून हळूच एक बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे.